अकरा वेळा "माहीत"

माझं काम लोकांच्या कपाळात डोकावण्याचं होतं. पगार बरा होता, खुर्ची फिरती होती, आणि कपाळ कोणाचं आहे हे मला कधी कळत नसे, कारण फाइलवर नुसता क्रमांक असायचा. तीन वर्षांत मी चार हजारांवर कपाळं वाचली. लोकांना वाटतं तसं त्यात कोणाचं नशीब वगैरे दिसत नाही. दोन रेघा दिसतात, एक निळी आणि एक केशरी. त्या दोन रेघांवर माणसाला नोकरी मिळते किंवा मिळत नाही.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. पूर्वी सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या मुलाखतीत उमेदवाराला फळ्यापुढे उभं करून प्रोग्राम लिहायला लावत. माझ्या बाबांनी तरुणपणी अशा मुलाखती दिल्यात आणि घेतल्यातही. मग प्रोग्राम लिहिणारी यंत्रं आली. बघता बघता अशी वेळ आली की कानात ज्वारीच्या दाण्याएवढं यंत्र घालून बसलेला कोणीही कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला लागला. उत्तराला किंमतच राहिली नाही. कंपन्यांना हवं होतं ते यंत्र जिथे अडतं तिथून वाट काढणारं डोकं, पण ते ओळखायचं कसं हे कोणालाच कळेना.

ती सोय एका मेंदूच्या प्रयोगशाळेने केली. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कपाळाच्या हाडातून दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊ शकतो. तिथल्या रक्तात प्राणवायू किती आहे त्यावर तो किती शोषला जाईल हे ठरतं, आणि मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे ताजं रक्त धावतं. एवढं जुनंच ज्ञान. नवीन सापडलं ते हे, की आठवणारा मेंदू आणि नव्याने जुळवणारा मेंदू हे रक्त वेगवेगळ्या चालीने मागवतात. आठवणीची रेघ पटकन उसळते आणि चार-पाच सेकंदांत खाली बसते. विचाराची रेघ सावकाश चढते, अडखळते, आणि आपलं चुकलं हे माणसाच्या लक्षात आलं की आणखी वर जाते. पहिलीला निळा रंग दिला, दुसरीला केशरी. जोडीला डोळ्यांच्या बाहुल्यांवर एक कॅमेरा ठेवला, आणि विचारमापक पट्टी तयार झाली.

केशरी साठ टक्क्यांवर गेली की उमेदवार पास. निळी फार दिसली तर त्याच्या नावापुढे "भरलेला" असा शेरा पडे. म्हणजे हा विचार करत नाही, नुसतं आठवतो.

मग जे व्हायचं तेच झालं. मुलं अभ्यास करेनाशी झाली, कारण अभ्यास केला की आठवतं. प्रत्येक चौकात कोरी पाटी क्लासेस निघाले. ते विद्यार्थ्यांना काहीही शिकवत नसत आणि त्याचीच फी घेत. आणि ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं हेच काम केलं होतं, ती माणसं एकामागोमाग एक "भरलेली" ठरून घरी बसायला लागली. माझे बाबा त्यातलेच.

भूषण ठवकर, वय चोपन्न. वीजवाटपाच्या सॉफ्टवेअरमध्ये अठ्ठावीस वर्षं. उन्हाळ्यात अख्ख्या नागपूरचे एसी एकदम सुरू झाले की कुठल्या सबस्टेशनवरून किती वीज वळवायची, हे ठरवणारे प्रोग्राम त्यांनी लिहिले, आणि ते बिघडले की सुधारलेही. मागच्या दिवाळीत कंपनीने देखभालीचं काम यंत्रांकडे दिलं आणि त्यांचा विभाग बंद केला. त्यानंतर दोन ठिकाणी मुलाखती झाल्या. एकीकडे केशरी सात टक्के, दुसरीकडे चार. तिसऱ्यांदा "भरलेला" शेरा पडला तर नाव सगळ्या कंपन्यांच्या सामाईक यादीत जातं आणि पाच वर्षं कोणी दारात उभं करत नाही. पाच वर्षांनी बाबा एकोणसाठचे झाले असते. म्हणजे ही तिसरी मुलाखत गेली की सगळंच गेलं.

आठ महिन्यांत त्यांनी घर सुधारून सुधारून आम्हाला नकोसं करून टाकलं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्याडब्यावर आत काय आणि किती याच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. शेवटी आईने सांगून टाकलं, "आता माझ्या एका जरी डब्यावर चिठ्ठी लावली ना, तर मी माहेरी चालली जाईन." आई, म्हणजे रोशनी ठवकर, शाळेत गणित शिकवते. ती कोणाचं ऐकून घेत नाही.

मी हसायचे, पण खरं सांगते, मला बाबांची लाज वाटायला लागली होती. मैत्रिणींनी विचारलं की मी "ते सल्लागार आहेत" असं सांगायचे. आपल्या बापाबद्दल असं वाटावं याचीही लाज वाटायची, पण म्हणून पहिली लाज कमी होत नसे.

तिसरी मुलाखत माझ्याच कंपनीत निघाली, तीही वीजवाटपाचंच सॉफ्टवेअर करते. उमेदवार नात्यातला असेल तर वाचकाने आधी कळवायचं, असा नियम होता. मी कळवलं नाही. नावं झाकलेली असतात, कोणाला कळणार? आणि मी नुसती गप्प राहिले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण मी बाबांना जेवणाच्या टेबलावर बसवून शिकवायला लागले.

"प्रश्न ऐकला की लगेच बोलायचं नाही," मी म्हटलं. "मनात सतराचा पाढा उलटा म्हणायचा, दर तिसरा आकडा गाळून. मग हळूहळू उत्तरावर यायचं."

"त्यानं काय होते?"

"केशरी चढते."

बाहेरचे क्लासवाले गुणाकार करायला शिकवतात. त्याने रेघेला करवतीसारखे दाते पडतात आणि तपासणीत ते लगेच पकडले जातात. पण आकडा गाळत उलटा पाढा म्हटला तर रेघ अगदी खऱ्या विचारासारखी वळणं घेत चढते. आम्ही वाचक मंडळी त्या चढाला आपसांत घाट म्हणायचो. दिवसभर रेघा बघणाऱ्यांनाच कळलेली गोष्ट होती ती. कंपनीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती.

बाबांनी डोळे मिटले. "एकशे सत्तर, एकशे त्रेपन्न, एकशे एकोणीस..."

"एकशे छत्तीस खाल्ले तुम्ही," आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"खायचेच आहेत, रोशनी."

"काय माय शिकवून राहिली ही पोरगी!"

बाबांनी डोळे उघडले. "अन्विता, मला जे येते ते येत नाही असं दाखवायचं. ही लबाडी होऊन राहिली ना वं?"

"अन् पट्टी तुमच्याशी लबाडी करून राहिली, त्याचं काय?"

त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि एकशे सत्तरपासून सुरुवात केली. मला वाटलं, मी त्यांना पटवलं. आता वाटतं, ते माझ्या तोंडाकडे बघून गप्प बसले असतील.

मुलाखत शनिवारी सकाळी होती. पट्टीसाठी कपाळ स्वच्छ लागतं. तेल नको, टिकली नको, गंध तर नकोच, कारण कुंकवातून तो प्रकाश नीट जात नाही. पण आई ऐकेना. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला कुंकू लावायचं नाही म्हणजे काय? शेवटी तिने बाबांना पाठमोरं उभं केलं, कॉलर खाली ओढली आणि मानेवर कुंकू लावलं. मग हातावर दही-साखर दिली. बाबा ती चाटत चाटत लिफ्टमध्ये शिरले. दार बंद होताना त्यांचे ओठ हलत होते, पाढा म्हणत असावेत.

दुपारी दोनला परत आले ते चेहरा उजळूनच.

"कसं झालं?" आम्ही दोघींनी एकदम विचारलं.

"शेवटचा प्रश्न मला आलाच नाही पहिल्यांदा," ते म्हणाले आणि कोथिंबिरीच्या चार सांभारवड्या एका बैठकीत संपवल्या. असं जेवताना त्यांना मी आठ महिन्यांत पाहिलं नव्हतं. प्रश्न न आल्याचा एवढा आनंद कशाला, ते कळलं नाही. माझी युक्ती चालली असावी, एवढाच अर्थ मी काढला.

सोमवारी माझ्या पडद्यावर सहा फाइली आल्या. चौथी होती उमेदवार क्रमांक ३११७. एकूण केशरी नऊ टक्के. अशा फाइलवर आम्ही फार वेळ घालवत नाही. "भरलेला" शेऱ्याचं बटण दाबायचं आणि पुढे जायचं. माझं बोट बटणावर होतं, तेवढ्यात शेजारच्या नोंदीकडे नजर गेली. उमेदवार जे बोलतो ते तिथे शब्दशः उतरतं. पहिल्या प्रश्नापुढे बावीस सेकंद शांतता होती, आणि त्या बावीस सेकंदांत केशरी रेघ सुरेख घाट चढत होती. त्यानंतर लिहिलं होतं:

"मॅडम, थांबा. माहीत."

मी बटणावरचं बोट काढलं. नाव नसलं तरी तो शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. बाबांच्या जुन्या कंपनीत बिघाडाच्या कॉलवर एक पद्धत होती. तोंड उघडण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, "माहीत" की "अंदाज". कोणाच्या अंदाजाला माहिती समजून सगळे तिकडे धावले, तर अर्धं शहर अंधारात जातं. अठ्ठावीस वर्षं हे असं बोलून बोलून बाबांना दुसरं बोलताच येत नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा ते "अंदाज" म्हणून सांगत.

मुलाखत घेणाऱ्या होत्या आमच्या विभागप्रमुख, उर्मी बारापात्रे मॅडम. मी नोंद पुढे वाचत गेले.

"माहीत म्हणजे?" मॅडमनी विचारलं होतं.

"हा प्रश्न मला आधीपासून माहीत आहे. दोन हजार एकोणतीसच्या उन्हाळ्यातला बिघाड आहे हा, नावं फक्त बदललीत. उत्तर सांगतो, पण याला विचार समजू नका. आणि मघाशी मी विचार करायचं सोंग करून राहिलो होतो, तेही मोजू नका."

दुसरा प्रश्न. "माहीत." तिसरा. "माहीत. हा आम्ही दोनदा भोगला." चौथा, पाचवा, सहावा, सगळे माहीत. आमच्या प्रश्नपेढीतले प्रश्न कुठून येतात हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. ते या क्षेत्रातल्या जुन्या बिघाडांवरून बेतलेले असतात. विशीतल्या उमेदवाराला ते कोरे करकरीत वाटतात. बाबा त्या प्रत्येक बिघाडात स्वतः उभे होते.

आठव्या प्रश्नाला मॅडम म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय."

"हो मॅडम. धोंडाही माहीत आहे."

एका बैठकीला अकरा प्रश्न असतात. अकराही संपले. नियमाने मुलाखत तिथेच संपायला हवी होती. पण नोंदीत पुढे मॅडमचं वाक्य होतं, "यादी संपली. पट्टी कपाळावर तशीच राहू द्या. मला स्वतःला न सुटलेला एक प्रश्न विचारू?"

प्रश्न असा होता. शहराच्या एका वॉर्डात दर मंगळवारी संध्याकाळी विजेची मागणी आमच्या भाकितापेक्षा आठ टक्के जास्त निघते. बाकी सगळे वार, बाकी सगळे वॉर्ड बरोबर. यंत्रांकडून सगळा प्रोग्राम तपासून घेतला, ती म्हणतात चूक नाही. आमच्या कोऱ्या पाट्यांनी सहा महिने शोधलं, काही हाती लागलं नाही.

"अंदाज," बाबा म्हणाले. "महापालिकेच्या टाक्या भरत असतील."

"पाहिलं. सोमवारी भरतात."

"अंदाज. आठवडी बाजार."

"शुक्रवारी असतो."

"मग दोन्ही चुकले. थांबा जरा."

आणि ते खरोखर थांबले. तीन मिनिटं नोंद कोरी होती. मी रेघेकडे पाहिलं. प्रत्येक चुकीनंतर केशरी आणखी वर गेली होती. चार हजार कपाळांत मी इतकी उंच केशरी पाहिली नव्हती. मग त्यांनी विचारलं होतं, "त्या वॉर्डात बुधवारी दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवत होते का हो?"

"पूर्वी ठेवत. केबल जमिनीखालून नेल्यापासून नऊ वर्षांत एकदाही नाही."

"बंद थांबला. बंदचं वेळापत्रक प्रोग्राममधून काढलं का?"

मॅडमनी तिथल्या तिथे उघडून पाहिलं. काढलं नव्हतं. दर बुधवारी बंद, असंच तिथे नऊ वर्षं लिहिलेलं होतं. बुधवारचं भाकीत मोजलेल्या आकड्यांवरून आपोआप सुधारत गेलं होतं, पण बंदच्या आदल्या दिवशी मागणी वाढते ती अपवाद समजून हिशेबात धरायची नाही, अशी कोणीतरी शहाण्या माणसाने फार पूर्वी सोय करून ठेवली होती. नियम बरोबर होता, म्हणून यंत्रांना चूक दिसली नाही. फक्त तो बंदच आता होत नव्हता.

"पण बंद नाही, तर लोक मंगळवारी जास्त वीज वापरतातच कशाला?" मॅडमनी विचारलं होतं.

"सवय. माझ्या सासूबाई तिकडेच राहतात. त्या अजूनही इस्त्री, दळण, टाकी सगळं मंगळवारीच उरकून घेतात. सगळा वॉर्ड तसाच असेल."

"हे माहीत की अंदाज?"

"सासूबाईंचं माहीत. वॉर्डाचा अंदाज."

मी एकटीच मोठ्याने हसले आणि मग डोळे पुसले. त्या शेवटच्या दोन मिनिटांत पडद्यावर निळी आणि केशरी एकमेकींना धरून चढत गेल्या होत्या. साहजिक होतं. विचार काही हवेत उभा राहत नाही, त्याला जुन्याच विटा लागतात. पण पट्टी निळं दिसलं की गुण कापते. तरीही त्या बाराव्या प्रश्नाचे चौसष्ट टक्के भरले होते. म्हणजे तेवढा एकच धरला, तर बाबा पास होते. आधीच्या अकरांनी सरासरी नऊवर आणली होती. आणि मी या माणसाला न येण्याचं सोंग शिकवत होते.

मी नियमावली काढून बसले. पट्टी येण्याच्या आधीच्या काळापासून चालत आलेलं एक कलम सापडलं. उमेदवाराने प्रश्न आधीच माहीत असल्याचं आपणहून सांगितलं, तर तो प्रश्न बाद धरावा आणि वाचकाने तशी सही करावी. जुन्या मुलाखतींतला तो प्रामाणिकपणाचा रिवाज होता. ते कलम कोणी काढलं नव्हतं आणि पट्टी आल्यापासून कोणी वापरलंही नव्हतं, कारण माहीत आहे असं सांगून स्वतःचं नुकसान करणारा कोणी आलाच नव्हता.

मी अकरा प्रश्न बाद धरले. टीप लिहिली. आता फक्त सही करायची होती. नाव झाकलेलं होतं, ओळखलं असं मी सांगितल्याशिवाय कोणाला कळणार नव्हतं. मी पाच मिनिटं तशीच बसले. बापाच्या खरेपणावर मी चोरून सही करायची, हे काही केल्या हातून होईना. उमेदवार ओळखीचे आहेत, फाइल दुसऱ्या वाचकाकडे द्या, एवढंच सांगायचं असं ठरवून मी उठले. शिकवल्याचा विषय काढायची गरज नव्हती. तेवढी मी हुशार होते.

बारापात्रे मॅडमच्या केबिनमध्ये ३११७ चा आलेख भिंतीवर मोठा करून लावलेला होता.

"ये, अन्विता. मी वाटच पाहत होते, की वाचकांपैकी कोणी तरी याचा शेवटचा प्रश्न बघून येईल."

"मॅडम, हे उमेदवार माझ्या ओळखीचे आहेत. मी वाचू शकत नाही. पण अकरा प्रश्न बाद धरता येतात, कलम आहे."

"आहे. मीच सही करीन." त्यांनी खुर्ची वळवली. "अडचण वेगळीच आहे. हे बघ." त्यांनी पहिल्या प्रश्नावर बोट ठेवलं, त्या बावीस सेकंदांवर. "हा घाट आहे ना?"

मी मान डोलावली.

"हा बाहेर कोणाला येत नाही. आपल्या वाचकांपैकी कोणी तरी शिकवलाय. सकाळी मी त्यांना फोन केला. म्हटलं, ठवकर, कोणी शिकवलं ते सांगा. तुम्ही स्वतः थांबलात, स्वतः सांगितलंत, तुमच्यावर काही येणार नाही. दोष शिकवणाऱ्याचा. पण नाव कळलं नाही, तर आतून कोणाशी संगनमत म्हणून मला तुमची फाइल बंद करावी लागेल."

"मग?"

"म्हणाले, कोणी शिकवलं ते माहीत आहे मॅडम, पण सांगणार नाही. मी म्हटलं, नोकरी जाईल. तर म्हणतात, तेही माहीत आहे." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "माझ्याकडे संध्याकाळपर्यंत वेळ आहे. तुला काही अंदाज?"

ठवकर हे आडनाव नागपुरात काही दुर्मीळ नाही. मॅडमना संशय होता की नव्हता, ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी विचारलं तसं मी "नाही" म्हणू शकले असते. त्यांनी ते लिहून घेतलं असतं, बाबांची फाइल बंद झाली असती, आणि मी संध्याकाळी घरी जाऊन कंपनीलाच चार शिव्या दिल्या असत्या. बाबांनी ऐकून घेतल्या असत्या. मी नाव लपवलं हे त्यांना कळलं असतं, तरीही त्यांनी आयुष्यभर एका शब्दाने विचारलं नसतं. हेच मला सहन होईना.

"अंदाज नाही मॅडम," मी म्हटलं. "मीच शिकवलं. ते माझे बाबा आहेत."

त्यांनी समोरची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली आणि कागद काढला. "लिहून दे. तुला काढावं लागेल, हे तुला कळतंय ना?"

"हो."

"बस खाली. उभ्यानं लिहू नको."

गुरुवारी घरी दोन पत्रं आली, दोन्हींवर एकच सही. एक बाबांच्या नेमणुकीचं, एक मला काढल्याचं. बाबांनी स्वतःचं पत्र वरवर पाहिलं आणि माझं दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना खिशातलं पेन काढून एका ओळीखाली खूण केली.

"वर्ष चुकलं आहे यात," ते म्हणाले. "कळवून दे." आणि मग पेन हातात तसंच धरून रडायला लागले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. आजोबा गेले तेव्हाही नाही.

"मी नाव सांगितलं नव्हतं, बेटा."

"ठाऊक आहे बाबा."

"मग तू कशाला सांगितलं?"

"तुम्ही सांगितलं असतं ना, तर मी साफ नाकारलं असतं," मी म्हणाले. "तेवढी मी मला ओळखते. तुम्ही सांगितलं नाही, म्हणून मला सांगावं लागलं."

"मी नाही जात तिथे."

आई इतका वेळ दारात उभी होती. ती आत आली आणि दोन्ही पत्रं उचलून फ्रिजवर ठेवली. "जाणार नाही म्हणजे? दोघंही घरी बसून माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावाल तर मी कुठं जाऊ? सोमवारी गुपचूप जायचं. अन् हिचं पाहू आपण. सत्तावीस वर्षांची आहे, तिला काय धाड भरली?"

सोमवारी बाबांनी मला सोबत यायला सांगितलं. चोपन्नाव्या वर्षी नोकरीचा पहिला दिवस होता. बसमध्ये ते तीनदा म्हणाले की कार्ड घेतलंय, आणि तीनदा खिसा चाचपला. मी खिडकीबाहेर बघत बसले.

गेटवर शेंडेकाका होते. तीन वर्षं रोज सकाळी मला "या बाई" म्हणणारे सुरक्षारक्षक. मला लांबून पाहूनच ते खुर्चीवरून उठले आणि सवयीने माझ्यासाठी आडवा दांडा वर करायला निघाले.

"आज मी नाही, शेंडेकाका," मी म्हणाले. "आज हे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबांनी कार्ड लावलं ते उलटं. शेंडेकाकांनी ते त्यांच्या हातातून हळूच घेऊन सुलटं केलं आणि परत दिलं. दिवा हिरवा झाला. बाबा आत गेले, चार पावलांवर थांबले आणि वळले.

"तू केव्हापर्यंत थांबशील इथं?"

"तुम्ही आत जाईपर्यंत. जा आता."

ते गेले. काचेचं दार त्यांच्यामागे मिटेपर्यंत मी उभी राहिले. मग शेंडेकाकांना नमस्कार केला आणि कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने चालत बसस्टॉपवर आले. तिथे पोचेपर्यंत मी रडले नाही.